गोडवा काढलेला ज्येष्ठमध

१

समितीचा निष्कर्ष असा होता :

"मृत महिलेचा मृत्यू हृदयाच्या गोळीची मात्रा प्रमाणाबाहेर गेल्याने झाला असून, ज्या औषधालयातून सदर गोळ्या दिल्या गेल्या तेथील हलगर्जीपणा त्यास कारणीभूत असणे संभवते. मृत महिला रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी घेत असलेली 'समतोला' ही वनौषधी कॅप्सूल पूर्णतः नैसर्गिक असून तिच्यातील ज्येष्ठमधातून गोड द्रव्य काढून टाकलेले आहे. तपासलेल्या नमुन्यात ते द्रव्य आढळले नाही. सबब, कॅप्सूलचा मृत्यूशी संबंध नाही."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या हाताने पेन्सिल उचलली.

'असणे संभवते' याखाली पहिली रेघ आली. जे दुसऱ्या ओळीत नुसते संभवत होते, ते शेवटच्या ओळीत 'सबब' होऊन फेटा बांधून उभे होते. 'पूर्णतः नैसर्गिक' याखाली दुसरी. नैसर्गिक तर कण्हेरही असते, आणि तिच्या बिया खाऊन माणसे पूर्णतः नैसर्गिकपणे मरतात. मुळात ज्या गोळीवर समितीने बोट ठेवले होते, तिचे औषधही एका झाडाच्या पानातच सापडले होते. पण गोळी पांढरी असते आणि कॅप्सूलच्या बाटलीवर हिरवे पान छापलेले असते, एवढ्या पुराव्यावर समितीने दोघींची जात ठरवली होती. 'तपासलेल्या नमुन्यात' याखाली मात्र बाईंनी रेघ न मारता नुसते प्रश्नचिन्ह काढले. नमुना कोणाचा? कुठला? मृत महिलेच्या घरची बाटली समितीने साभार परत केली होती, कारण तिचे सील तुटलेले होते. ज्या बाटलीतले औषध त्या महिलेने घेतले, ती बाटली तिने औषध घेण्यासाठी उघडली म्हणून पुराव्यातून बाद.

बाई वनस्पती-औषधशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. विद्यार्थी त्यांना बाई म्हणत, सहकारीही बाईच म्हणत, आणि ज्यांना त्यांनी नापास केले होते ते काय म्हणत हे त्यांनी कधी विचारले नाही. 'मृत महिला' ही त्यांची सख्खी धाकटी बहीण होती. पन्नाशी उलटली तरी घरात तिचे नाव धाकटीच.

आणि ते 'हलगर्जी' औषधालय धाकटीच्या मुलीचे होते. ती समोर बसली होती. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून तिला ठकी म्हणत. आज ती पुन्हा तशीच बसली होती. खाली दुकानाचे शटर बंद होते. सोमवारी समितीपुढे सुनावणी होती, आणि चूक मान्य असल्याचा कबुलीजबाब ठकीने लिहून तयार ठेवला होता. त्यावर सही झाली की परवाना जाणार होता. परवान्याचे तिला काही वाटत नव्हते.

"मावशी, मीच दिली असेल गं," ती म्हणाली. "कमी ताकदीची आणि जास्त ताकदीची, दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी असतात. शेवटी शेवटी तिला मळमळायचं, दिव्याभोवती पिवळं दिसायचं. ती गोळी जास्त झाल्याचीच लक्षणं आहेत. मला कळायला हवं होतं. मी तिला मारलं आणि वर दर महिन्याला पिशवीत घालून हसत दिलं."

"रडायचं असेल तर रड. पण निष्कर्ष काढू नकोस," बाई म्हणाल्या. "मळमळीच्या आधी काय होत होतं?"

"आधी? पाय सुजायचे. चपला घट्ट झाल्या होत्या. जिना चढताना मध्येच बसायची, पायांत जीव नाही म्हणायची. रक्तदाब वाढला होता. डॉक्टर म्हणाले, वय."

बाईंची पेन्सिल थांबली. हृदयाची ती गोळी जास्त झाली, तर ठोके बिघडतात, जेवण जात नाही, दिसणे बदलते. पण ती पाय सुजवत नाही. रक्तदाबही चढवत नाही.

"आणि खाण्यापिण्यात काही बदल?"

"उलट सुधारली होती. चहातली साखर सोडली होती तिने."

"धाकटीने?" बाईंनी मान वर केली. "साखरेच्या डब्याला आईने कुलूप लावलं होतं हिच्यापायी."

"खरंच सोडली होती. कॅप्सूल तिला गिळता यायची नाही, घशात अडकायची. म्हणून ती उघडून पावडर चहातच टाकायची. दिवसातून तीनदा. मी म्हटलं, कडू लागत असेल. तर म्हणाली, आता साखरेची गरजच वाटत नाही."

बाई उठल्या. समितीने परत पाठवलेली बाटली फडताळावर होती. त्यांनी एक कॅप्सूल काढली, तिची दोन टोके अलगद विलग केली आणि तपकिरी पावडर जिभेवर ठेवली.

साखरेचा गोडवा येतो आणि जातो. ज्येष्ठमधाचा उशिरा येतो, आणि मग आगंतुक पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसतो. बाईंनी बाटलीचे झाकण घट्ट लावले. मग त्यांनी ठकीपुढचा कबुलीजबाब उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला.

"ह्याच्यात गोड द्रव्य नाही, असं समिती म्हणते," त्या म्हणाल्या. "मग तुझ्या आईचा चहा गोड कोण करत होतं?"

२

"वय म्हणालात तुम्ही तिला."

हृदयरोगतज्ज्ञांनी चष्मा काढला. त्यांच्या टेबलावर ठोक्यांच्या आलेखांच्या पट्ट्या होत्या, आणि भिंतीवर 'समतोला'ची जाहिरात होती. तिच्यात डॉक्टर स्वतःच हसत होते.

"बाई, त्या वयात सूज, थकवा, रक्तदाब... हे सगळं दिसतंच."

"वय हे निदान नव्हे, डॉक्टर. ती जन्मतारीख आहे. रक्तातलं पोटॅशियम मोजलं होतंत?"

"नाही."

"तुम्ही त्या कंपनीचे सल्लागार ना?"

"सल्लागार म्हणजे माझा फोटो असतो हो. सल्ला कोणी विचारत नाही." ते स्वतःच्या विनोदावर हसायला निघाले आणि अर्ध्यातून परतले. "हे बघा, ज्येष्ठमधाचं नाव वाचल्यावर मी पहिल्यांदा नाहीच म्हणालो होतो. पण गोड द्रव्य काढून टाकलेलं आहे असं वेष्टनावर स्वच्छ लिहिलंय. ते काढलं की धोका संपला."

"आणि काढलं नसेल तर?"

"तर काय होतं हे तुम्हीच शिकवत होतात की."

"तुम्ही सांगा. मला ऐकायचंय."

डॉक्टरांनी विद्यार्थ्यासारखे सांगितले. ते द्रव्य पोटात गेले की शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते. म्हणून सूज, म्हणून रक्तदाब, म्हणून पायांतले बळ जाणे. आणि पोटॅशियम घसरले की हृदयाची तीच गोळी, त्याच मात्रेत, जास्त झाल्यासारखी वागू लागते.

"म्हणजे गोळी बदलली नाही, तरी गोळीचं विष होतं."

"होऊ शकतं. ठोक्यांची लय एकदम..." ते थांबले.

"माझी बहीण कॅप्सूल चहात टाकायची, डॉक्टर. आणि चहात साखर घालत नव्हती. बाटलीतली पावडर मी काल चाखली. ती गोड आहे."

बाई डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्या आल्याच होत्या तो चेहरा पाहायला. डॉक्टरांनी 'माझी चूक नाही' म्हटले नाही, 'सिद्ध करा' म्हटले नाही. घंटी वाजवून त्यांनी मदतनीस मुलीला आत बोलावले.

"ही गोळी चालू असलेल्या सगळ्या बायकांना फोन लावा. 'समतोला' घेतात का विचारा. घेत असतील तर बंद करायला सांगा आणि आजच रक्त तपासायला बोलवा. कारण विचारलं तर सांगा, डॉक्टरांनी वेष्टन वाचलं, आतलं औषध नाही."

मुलगी गेली. डॉक्टर भिंतीवरच्या स्वतःच्या हसण्याकडे पाहत म्हणाले, "सोमवारी मी समितीला काय सांगू?"

"खरं सांगा. सवय नसेल तर आधी घरी सराव करा."

बाहेर पडताना बाईंनी मनातल्या मनात एक नाव खोडले. हा माणूस आळशी होता, त्याला हार घालायचे काही कारण नव्हते. पण ज्याला आधीपासून ठाऊक असते, त्याचा हात इतक्या तातडीने घंटीकडे जात नाही.

मग समितीच्या नमुन्यात गोडवा का सापडला नाही?

३

'समतोला'च्या संस्थापिकेला सगळे ताई म्हणत. पूर्वी त्या आकाशवाणीवर निवेदन करत. तो आवाज अजून तसाच होता, ऊबदार आणि घोटीव. त्यांचे कार्यालय एका लांब बोळकांडीच्या टोकाला होते आणि बोळाच्या दोन्ही भिंतींवर बायकांचे फोटो लावलेले होते. प्रत्येकीचे दोन. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'.

"बसा ना बाई. तुमच्या बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं," ताई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत. त्यांचे पाय टेबलाखाली एका बैठ्या स्टुलावर ठेवलेले होते. "पण समितीने सांगितलंय, आपला संबंध नाही."

"आपला की तुमचा?"

"आमचा म्हणा." ताई रागावल्या नाहीत. "माझ्यावर राग काढायचा असेल तर काढा. पण मी ही कॅप्सूल विकायच्या आधीपासून घेतेय. अंगातून वाफा निघायच्या माझ्या. चार लोकांत बोलताना घामाने ओलीचिंब. डॉक्टरांकडे गेलं की 'चालायचंच'. बायकांचं कोणी ऐकून घेत नाही हो, म्हणून तर हे सुरू केलं."

हे शेवटचे वाक्य त्यांनी निवेदिकेच्या आवाजात म्हटले नव्हते. बाईंनी ते ऐकले, आणि त्यांना त्याचा राग आला, कारण ते खरे होते. खऱ्या दुःखाच्या जमिनीवरच असली दुकाने उभी राहतात.

"पहिल्या वर्षी खपच नव्हता," ताई सांगत होत्या. "बायका म्हणायच्या, काही फरक नाही. मग आमच्या निर्मितीप्रमुखांनी काहीतरी सुधारणा केली. तेव्हापासून बघा, आठवडाभरात चेहरा भरतो. सुरकुत्या जातात. तजेला येतो."

"सुधारणा काय केली?"

"ते मला नका विचारू. मला पावडरीतलं काय कळतं? मी बोलते, तो बनवतो."

"तुम्ही कुठली बाटली घेता?"

"कुठली म्हणजे? दुकानांत जाणाऱ्या खोक्यातली. जे बायकांना ते मला."

ताईंनी बोलता बोलता गळ्यातली साखळी चाळवली. तिच्यात एक अंगठी ओवलेली होती. बाईंची नजर साखळीवरून ताईंच्या बोटांवर गेली, तिथून स्टुलावरच्या पायांवर. घोट्यांवर मोज्यांच्या इलॅस्टिकचे वळ खोल उमटले होते.

"छातीत फडफड होते का कधी?"

ताईंचा हात थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आजपासून एकही कॅप्सूल घेऊ नका. आत्ता उठा, तुमच्या त्या सल्लागार डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या. कारण सोमवारी सांगते. तोवर कार्यालयात कोणाशी बोलू नका."

"बाई, तुम्ही मला घाबरवताय."

"हो."

ताई खरोखरच उठल्या. बाई त्यांच्यामागून बोळात आल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या. आल्या तेव्हा त्यांनी चेहरे पाहिले होते. आता त्यांनी हात पाहिले. 'आधी'च्या फोटोंत बायकांच्या बोटांत अंगठ्या होत्या. 'नंतर'च्या फोटोंत गाल भरलेले होते, सुरकुत्या ताणून गेल्या होत्या, आणि बोटे उघडी होती. एकीची अंगठी साखळीत, एकीची करंगळीत, बाकीच्यांच्या बहुधा कपाटात.

ती भिंत तजेल्याची नव्हती. ते सुजेचे प्रदर्शन होते, आणि लोक ते पाहून बाटल्या विकत घेत होते.

४

"बाई! मला आधी कळवलं असतंत तर दारात उभा राहिलो असतो."

निर्मितीप्रमुख बाईंचा जुना विद्यार्थी निघाला. महाविद्यालयात हा गळ्यात भिंग अडकवून हिंडायचा, म्हणून वर्गाने त्याचे नाव भिंग ठेवले होते. हुशार होता, उत्तर बरोबर आले की पुढचा विचार करायचा नाही, एवढाच दोष.

"तुला माहीत आहे मी का आले?"

"त्या प्रकरणासाठी ना? त्या तुमच्या नात्यातल्या होत्या, हे समितीचा कागद आल्यावर कळलं. फार वाईट झालं, बाई." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "पण या, सगळं दाखवतो. आपल्याकडे लपवायला काही नाही."

त्याने सगळे दाखवले. चाळणी, पावडर एकजीव करणारा फिरता डबा, कॅप्सूल भरणारे यंत्र. कोपऱ्यात एक कुलूपबंद खोली होती.

"ज्येष्ठमधाचा अर्क इथे असतो. किल्ली माझ्याकडे. डब्यात घालतोही मीच. वजनात चूक परवडत नाही."

"आणि समितीला दिलेला नमुना?"

"या कपाटातला." त्याने काचेचे कपाट उघडले. आत सीलबंद बाटल्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक घाण्याच्या, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मालाच्या, वेगळ्या. "इथला रिवाज आहे. यंत्र धुऊन-पुसून सुरू केलं की निघणारी पहिली खेप कपाटाची. मग बाजाराची. नमुना स्वच्छ यंत्राचा असावा म्हणून. समितीचे लोक आले की याच कपाटातून उचलतात. त्यांच्या नियमातच आहे, नमुना उत्पादकाच्या सीलबंद साठ्यातला हवा."

"सोयीचा नियम आहे."

"शिस्तीचा, बाई."

"एक-एक चाखू?"

भिंग हसला. "अजून जिभेनेच? आता दहा मिनिटांत आलेख काढून देणारी यंत्रं आलीयत."

"यंत्राला जे द्याल तेच ते चाखतं. जीभ स्वतः हिंडते."

त्याने हसत हसत वेगवेगळ्या घाण्यांच्या बाटल्या उघडून दिल्या. अगदी मोकळेपणाने. बाईंनी प्रत्येकीतली पावडर जिभेवर ठेवली, वाट पाहिली, पाण्याने चूळ भरली. मातकट. तुरट. जुन्या लाकडासारखी. गोडवा नावालाही नाही, एकाही घाण्यात नाही. समिती खोटे बोलली नव्हती. तिला खोटे बोलण्याची गरजच पडली नव्हती.

"पटलं?" भिंग म्हणाला. "आणि आणखी एक दाखवतो. म्हणजे तुमच्या मनात किंतू राहायला नको."

त्याने त्यांना ताईंच्या कार्यालयाबाहेरच्या बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेले. तिथे शेवटचा फोटो होता. एक शेलाटी बाई, गालांची हाडे वर आलेली, हनुवटीखाली हात धरून बसलेली.

"ही माझी बायको. हिच्याही ठोक्यांची लय बिघडलेली आहे. तीच गोळी, जी तुमच्या बहिणीला होती. आणि वर्षभर 'समतोला' चालू आहे. मी स्वतः घरी नेऊन देतो. काही झालं का हिला? धोका असता तर मी माझ्या बायकोला दिली असती का, बाई?"

फोटोखाली 'नंतर' असे लिहिलेले होते. हनुवटीखाली धरलेल्या हातात, आपल्या मूळ बोटात, अंगठी सैलसर बसलेली होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "तू दिली नसतीस."

५

दुकानातून विकत आणलेल्या बाटलीवर तोच घाणा-क्रमांक होता, जो कपाटातल्या आणि धाकटीच्या बाटलीवर होता. ठकीने सील तोडले, पावडर जिभेवर ठेवली, आणि तिचे तोंड वाकडे झाले.

"गोड आहे."

"कपाटातली तुरट होती. एकाच घाण्याच्या दोन बाटल्या, एक समितीसाठी, एक गिऱ्हाइकासाठी."

"पण मावशी, अर्क पुरवणाऱ्याची चूक असेल. एखादं पिंप चुकून गोडवा न काढलेल्या अर्काचं आलं असेल."

"चुकीला पत्ता माहीत नसतो, ठकी. चूक झाली असती तर कधी कपाटात गोड माल गेला असता, कधी बाजारात तुरट. मी तिथे कितीतरी घाणे चाखले. कपाट प्रत्येक वेळी स्वच्छ. म्हणजे पहिल्या खेपेपुरता एक अर्क आणि पुढे दुसरा, हे कोणीतरी दर वेळी हाताने करतंय."

"ताई?"

"तिला माहीत असतं तर ती स्वतः बाजारची बाटली घेऊन घोटे सुजवत बसली नसती. दुपारी डॉक्टरांचा फोन आला होता. तिचं पोटॅशियम इतकं खाली आहे की तिला त्यांनी घरी सोडलं नाही. आणि डॉक्टरला माहीत असतं, तर ऐकल्या क्षणी त्याने आपल्या सगळ्या रोग्यांना फोन लावले नसते."

"मग तुझा विद्यार्थी." ठकी हळूच म्हणाली. "पण त्याची बायको..."

"त्याची बायको वर्षभर कॅप्सूल घेते, आणि तिची अंगठी सैल आहे. सगळ्या भिंतीवर ती एकटी सुजलेली नाही."

ठकी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली तिच्याच दुकानाची पाटी होती.

"समिती म्हणेल, एका बाईच्या बोटावरून तुम्ही माणसाला गुन्हेगार ठरवता? पुरवठादारावर ढकलून तो मोकळा होईल. आणि मग उरते मी. मी म्हणजे मावशी, मला स्वतःलाच खात्री नाही. कपाटं, अर्क, सगळं खरं असेल. तरी मी गोळी चुकीची दिली नाही, हे कोण सांगणार? गोळ्यांची बाटली रिकामी झाली. आई गेली."

बाईंनी दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी-शेजारी उभ्या केल्या.

"अंगठी हा पुरावा नाही, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते निरीक्षण आहे. पुरावा त्याच्याच तोंडून यायला हवा, आणि तोही कोणी त्याच्यावर आरोप करण्याआधी. एकदा आरोप झाला की तो शहाणा होईल."

"आरोप न करता कबूल कोण करतं?"

"ज्याला घरी माणूस असतं, तो."

६

सुनावणीची खोली अरुंद होती आणि टेबल लांब. अध्यक्षांच्या एका बाजूला नोंद घेणारा लघुलेखक, दुसऱ्या बाजूला पाण्याचा तांब्या. ठकी भिंतीकडच्या खुर्चीवर होती. डॉक्टर खाली मान घालून बसले होते. ताई रुग्णालयातून सुटून थेट आल्या होत्या; त्यांच्या मनगटावर पट्टी होती आणि आवाजातली ऊब नाहीशी झाली होती.

"आपण नातेवाईक या नात्याने एकच साक्षीदार तपासू शकता," अध्यक्ष बाईंना म्हणाले. "थोडक्यात आटपा. निष्कर्ष तयार आहे, आपल्याला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे. निष्कर्ष आधी तयार असला की पुराव्याची धावपळ वाचते."

अध्यक्षांना हे कौतुक वाटले असावे. त्यांनी मान डोलावली. भिंग पुढे येऊन बसला. कपडे नीटनेटके, हातात कागदांची फाइल.

"एकाच घाण्याच्या सगळ्या बाटल्यांत एकच पावडर असते?" बाईंनी विचारले.

"अर्थात."

"कपाटातली बाटली आणि दुकानातली बाटली, काही फरक?"

"काडीचाही नाही."

"म्हणजे हृदयाची ती गोळी घेणाऱ्या बाईने यांतली कुठलीही घेतली तरी चालेल?"

"बाई, वेष्टनावरच लिहिलंय, गोड द्रव्य काढलेलं आहे. कुठलीही."

"लिहून घ्या," बाई लघुलेखकाला म्हणाल्या. मग पुन्हा भिंगाकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज अगदी घरगुती झाला. "बरं झालं. मला जरा चिंता होती. सकाळी येताना तुझ्या घरी डोकावले होते रे. तुझी बायको फार गोड आहे बोलायला. म्हणाली, बाटली संपत आलीय. मग मी दुकानातून घेतलेली नवी दिली तिला. धाकटीच्याच घाण्याची. गिळायला त्रास होतो म्हणाली, म्हणून सांगितलं, चहात टाकून घे. आत्ता चहाचीच वेळ आहे."

भिंगाच्या हातातली फाइल टेबलावर टेकली.

"हे अप्रस्तुत आहे," अध्यक्ष म्हणाले.

"अगदी," बाई म्हणाल्या. "दोन्ही बाटल्या सारख्याच आहेत."

भिंग उठला. बसला. अध्यक्षांकडे पाहिले. मग पुन्हा उठला, आणि या वेळी फोन त्याच्या कानाशी होता.

"अध्यक्षांची परवानगी..." लघुलेखक पुटपुटला.

"ऐक," भिंग फोनमध्ये म्हणत होता, "ती नवी बाटली, ती घेऊ नकोस. नाही, एकही नको. चहात टाकली असशील तर चहा ओतून दे. मी सांगतो म्हणून. घेतलीस का? आधी सांग, घेतलीस का?"

खोलीत सगळ्यांना पलीकडचा आवाज ऐकू आला. बाईमाणसाचा, गोंधळलेला.

"कुठली नवी बाटली? इथे कोणी आलंच नाही. अहो, झालंय काय तुम्हाला?"

भिंगाने फोन खाली घेतला. तो बाईंकडे पाहत होता. बाईंच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. इतक्या वर्षांत त्याने पाहिला नव्हता एवढा थंड राग होता.

"मी तुझ्या घरी गेले नव्हते," त्या म्हणाल्या. "आता अध्यक्षांना सांग. काडीचाही फरक नसलेल्या बाटलीची पावडर घातलेला चहा तू का ओतायला लावलास?"

ताई टेबलाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी वर्षभर तीच घेतेय," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर घेत होते. रोज."

अध्यक्षांनी तांब्यातले पाणी ओतून घेतले; निष्कर्ष पुन्हा लिहावा लागणार हे त्यांच्या ध्यानात येत होते, आणि चेहऱ्यावरून त्यांना तेवढेच दुःख झालेले दिसत होते.

तेव्हा भिंतीकडची खुर्ची सरकली. ठकी टेबलापर्यंत आली. तिने ना बाटलीबद्दल विचारले, ना अर्काबद्दल.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला हे शास्त्र कळतं. माझ्या आईला मी दिलेली गोळी बरोबर होती का?"

लघुलेखकाने जे टिपले, ते समितीच्या दप्तरात शब्दशः असे आहे :

"तुमची गोळी बरोबर होती. त्यांना जे झालं ते तेवढ्याच गोळीने होतं, पोटॅशियम उतरलं की. मला हे माहीत होतं, बाईंनीच शिकवलं होतं. गोडवा काढलेल्या ज्येष्ठमधात काहीच उरत नाही हो. पहिल्या वर्षी आम्ही तोच विकला आणि बायका म्हणाल्या, काही होत नाही. मग मी न काढलेला घातला. पहिली खेप तेवढी तुरट ठेवायचो, कपाटासाठी. बायकांचे चेहरे सुजले आणि त्या आभार मानायला लागल्या. मला वाटलं, धडधाकट बायकांना एवढी मात्रा सोसेल, आणि हृदयवाल्या असून असून किती असतील. गोड द्रव्य काढलंय, हे वेष्टनावरचं वाक्य काढायला हवं होतं, पण ते काढलं असतं तर कोणीतरी कारण विचारलं असतं. घरी मी कपाटातलीच नेत होतो. त्या तुमच्या बहीण आहेत हे मला माहीत नव्हतं, बाई. माहीत असतं, तर त्यांनाही मी कपाटातलीच दिली असती."